निळ्या मशीनचा पोळा

मशीन घ्यावी तर निळी, नाहीतर आजोबाचं गिरमिट काढून हातानं छेद पाडत बसावं, हे इस्तारी वाढईचं म्हणणं साऱ्या गोंडपिपरी तालुक्याला पाठ झालं होतं. म्हणणं कसलं, तो त्याच्या घरचा कुळाचारच होता. आता मशीन म्हणजे लाकडात छेद पाडायची ड्रिल मशीन. बाजारात तिच्या कंपन्या पुष्कळ, पण वाढई म्हणा, सुतार म्हणा, मिस्त्री म्हणा, हे लोक कंपनीचं नाव घेत बसत नाहीत, रंग सांगतात. निळी, पिवळी, लाल. नाव वाचायला चष्मा लागतो, रंगाला लागत नाही. गावात कोणाकडे पाहुणा आला आणि तो पिवळी मशीन वापरतो असं कळलं, की इस्तारी त्याला चहा पाजायचा, खुशाली विचारायचा, पण आवाज असा हळवा काढायचा की पाहुण्याला वाटावं, आपल्या घरी कोणी आजारी आहे आणि आपल्यालाच कोणी कळवलं नाही.

या भक्तीला कारण होतं, हेही सांगितलं पाहिजे. पायल, म्हणजे इस्तारीची एकुलती एक मुलगी, रांगत होती तेव्हाची गोष्ट. इस्तारी तलावापलीकडच्या देवळाचं दार बसवून डोंग्यातून परत येत होता. मधेच डोंगा कलला. इस्तारी वाचला, मशीन तळाला गेली. काठावर बसून त्यानं असं तोंड केलं की मासे धरणाऱ्या ढिवरांना कीव आली आणि त्यांनी जाळी टाकली. बराच वेळ नुसता चिखल वर आला. शेवटी एका जाड्या मरळीसोबत मशीन वर आली, जाळ्यात अशी गुरफटलेली की जाळं चाकूनं कापून ती सोडवावी लागली. इस्तारीच्या बायकोनं, प्रेमिलानं, मरळ रांधली आणि मशीन तांदळाच्या कोठीत पुरून ठेवली. पुष्कळ दिवसांनी ती बाहेर काढून इस्तारीनं डोळे मिटले, बटन दाबलं, आणि मशीन घुर्र करून फिरली. त्या दिवशी तो मशीन मांडीवर घेऊन रडला. पुढं तिच्याच जोरावर घरावर कवेलू चढले, पायलची शाळा झाली, प्रेमिलाचं ऑपरेशन झालं. अशा मशीनबद्दल माणूस दोन शब्द जास्त बोलला तर बोलू द्यावं. पण इस्तारी दोनवर थांबत नसे.

यंदा घरात ठिणगी पडली ती पायलमुळे. बापाच्या हाताखाली ती लाकूडकाम शिकली होती, बांबूचं प्रशिक्षण घेऊन आली होती, आणि जंगलालगतच्या मोहर्लीच्या एका होमस्टेवाल्यानं तिला व्हरांड्यात ठेवायच्या बांबूच्या खुर्च्या सांगितल्या होत्या. तिला सांगितल्या, इस्तारीला नाही. अट एकच. पावसाळा सरून पर्यटकांसाठी जंगलाचं गेट उघडायच्या आत खुर्च्या जागेवर पाहिजेत, नाहीतर काम चंद्रपूरच्या ठेकेदाराकडे जाईल. आयुष्यातलं पहिलं स्वतःच्या नावाचं काम, आणि पायलजवळ मशीन नव्हती. बापाची मशीन सकाळीच बापासोबत कामावर जायची.

"बाबा, मले माझी मशीन घ्याची हाय," ती म्हणाली. "बयाणा भेटला हाय."

"घे ना," इस्तारी म्हणाला. "निळी आणू."

"कोणती ते दुकानात पाहू. हातात घेऊन पाहीन, चालवून पाहीन, मंग ठरवीन."

"निळीले काय पाहाचं? आपली माय कशी हाय हे कोणी पाहून ठरवते का?"

"तुमची निळी मी उचलून पाह्यली हाय. वरवंटा उचलल्यावानी वाटते. मले बांबूले छेद पाडाचे हाय बाबा, धावड्याच्या टणक खांबाले नाई."

"मी सांगून ठेवतो," इस्तारी बोट वर करून म्हणाला, "निळी सोडून दुसरी मशीन या दारातून आत आली, तं मी या घरात जेवणार नाई."

"मंग मी एक ताट कमी वाढीन," चुलीपाशी बसलेली प्रेमिला म्हणाली.

गोष्ट तिथंच अडली. पायल रोज विचारायची, इस्तारी रोज म्हणायचा, पोळा झाल्यावर पाहू. ती चिडून हातानंच बांबू छेदायला बसायची. हातानं छेद पाडताना बांबू चिरला की तो बांबू चुलीत जायचा, आणि पायल कोणाशी न बोलता दुसरा घ्यायची. इस्तारीला ते दिसत नव्हतं असं नाही. पण कुळाचार म्हटला की माणसाला समोरचं कमी आणि मागचं जास्त दिसतं.

आता सादिकची ओळख करून देतो. सादिक गोंडपिपरीचा, इस्तारीचा कामातला जोडीदार. दोघं मिळून साऱ्या तालुक्यात दारं-खिडक्या बसवत आले होते. माणूस लाखात एक, फक्त एक खोट, की तो पिवळीवाला होता. त्याच्या उस्तादानं काम सोडलं तेव्हा आपली पिवळी मशीन त्याच्या हातात दिली होती, आणि तेव्हापासून सादिकला दुसरा रंग चढला नाही. इस्तारी म्हणायचा, "तुझी पिवळी म्हणजे कावीळ." सादिक म्हणायचा, "तुझी निळी म्हणजे म्हैस, पाण्यात बसाले गेल्ती." चौकटीच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो, आणि मधल्या मोकळ्या जागेतून दिवसभर हेच. दोघांच्या बायकांचं यावर एकमत होतं. हे मशीनवरून भांडतात तोवर बरं, दुसरं काही यांना सुचत नाही.

पोळा जवळ आला. इस्तारीच्या घरी बैल नव्हता, कधीच नव्हता. दरवर्षी तो तोरणाखाली दुसऱ्याचे बैल पाहून यायचा. यंदा मात्र त्यानं ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, "यंदा पोळ्यात आपलाबी बैल उभा राहीन."

"कोणता?" प्रेमिलानं विचारलं.

"निळा. गेल्या साली पाटलाचा ट्रॅक्टर तोरणाखाली उभा राह्यला, कोणी काई बोललं का? ज्याच्यावर पोट चालते तो बैल. माझं पोट कायवर चालते?"

"अवो, मशीन बाईमाणूस होय. बैलाईत कशी उभी करता?"

इस्तारीनं यावर विचार केला नाही. त्यानं सादिकला फोन लावला. "तुझी पिवळीबी आण. दोघी बाजूबाजूनं उभ्या राह्यल्या म्हणजे लोकाइले फरक तरी दिसन."

सादिक काय, बोलावलं की येणारा माणूस. तो म्हणाला, येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तूप लावून शेकतात आणि त्याच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. इस्तारीनं काही म्हणून सोडलं नाही. त्यानं मशीनच्या पाठीला बोटभर तूप चोळलं, आणि जिथून गरम हवा बाहेर येते त्या फटींपाशी तोंड नेऊन तिला पुरणपोळीचं आवतण दिलं. पायल बांबू छिलत बसली होती. तिनं आईकडं पाहिलं, आईनं तिच्याकडं, आणि दोघींनी मान खाली घातली.

पोळ्याच्या दिवशी सकाळी सादिक आला, आणि पाटलाचा निरोपही आला. ट्रॅक्टर काय, मशीन काय, उभं कराचं ते करा, पण बिनरंगाचं जनावर तोरणात चालत नाई. झालं. इस्तारीनं गेरू कालवला. सादिक म्हणाला, "पाण्यातला गेरू मशीनवर टिकते का? जरासा गोंद टाक." वाढईच्या घरी गोंद म्हणजे लाकडाला लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद. दोघांनी मिळून तो गेरूत ओतला, आणि जरासा वगैरे काही नाही, डबा हलका होईस्तोवर ओतला. निळ्या अंगावर पहिला हात फिरवताना इस्तारी थांबला. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की पोळ्याला ढवळा बैलही रंगवतातच, उद्या धुऊन काढू. रंग वाळला तेव्हा तो नखानं निघेना. दोन्ही मशीनच्या मुठी वर्षानुवर्षं काळ्या टेपनं गुंडाळलेल्या होत्या. प्रेमिलानं आपल्या एकाच जुन्या लुगड्यातून दोघींना सारख्या झुली शिवल्या होत्या, कारण सादिकला एकदा भाऊ म्हटलं की दुजाभाव करू नये. निळी कोणती आणि पिवळी कोणती हे आता फक्त एका गोष्टीवरून कळत होतं. निळीच्या गळ्यात इस्तारीनं घातलेली झेंडूची माळ होती.

"माझीले माळ नाई का, बाई?" सादिकनं प्रेमिलाला विचारलं.

"तुझीले माळ कायले?" मधेच इस्तारी म्हणाला. "ती आंगानंच झेंडू हाय."

तोरणाखाली बैलांच्या रांगेच्या टोकाला एका पाटावर दोन्ही मशीन मांडल्या. गाव हसलं, पण पोळ्याला गाव हसलेलं चांगलं. झडत्या सुरू झाल्या, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणाऱ्या त्या जोडओळी. पाटलानं इस्तारीकडं पाहून सूर लावला:

"निळा बैल इस्तारीचा, चारा खाये विजेचा,
लाईन गेली गावाची, अन् बैल नाई कामाचा."

महादेवाचा गजर झाला. इस्तारी उत्तर जुळवू लागला, आणि त्याच नादात त्याचं पाटाकडं लक्ष राहिलं नाही. बाजूला पाटलाचाच बैल उभा होता. सकाळपासून त्याला हार, तुरे, बेगड सगळं मिळालं होतं, फक्त खायला मिळालं नव्हतं. त्यानं मान लांब केली, निळीच्या गळ्यातली झेंडूची माळ ओढली आणि निवांत चावायला लागला. इस्तारी ओरडला. बैल बुजला. त्याच्या पायानं पाट उडाला, दोन्ही मशीन चिखलात पडल्या, आणि तोरण तुटायच्या आधीच बैल गावभर पांगले. गोंधळ निवला तेव्हा इस्तारीनं जवळची मशीन उचलून छातीशी धरली, सादिकनं दुसरी उचलली.

इस्तारीनं उचलली ती पिवळी होती. सादिकच्या हातात निळी. हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण ते त्या दोघांना कळायला वेळ लागणार आहे आणि तोवर तुम्हाला गंमत तरी पाहता यावी.

दुसऱ्या दिवशी इस्तारी रंग धुवायला निघाला तर प्रेमिलानं अडवलं. "पोळ्याचा रंग कोणी घासून काढते का? अपशकुन होते. आपल्यानं जाईन तवा जाईन." रंग राहिला.

दोघं कामावर गेले. गोंडपिपरीत एका मास्तरांच्या नव्या घराच्या चौकटी बसवायच्या होत्या. इस्तारीनं मशीन उचलली, आणि त्याचा हात वर जरा जास्तच गेला. मशीन हलकी लागत होती. त्यानं छेद पाडला. मशीन लोण्यातून जावी तशी गेली, आवाजही मऊ. इस्तारीनं मशीन उलटीपालटी करून पाहिली आणि त्याला उलगडा झाला. म्हणजे त्याला तसं वाटलं.

"पाह्यलं?" तो सादिकला म्हणाला. "बैलाले एक दिवस सुट्टी देली, खांदा शेकला, पुरणपोळी चारली, का दुसऱ्या दिवशी कसा चालते? हे निळीचं रक्त हाय. एका पोळ्यात अशी तरणी झाली."

सादिकनं नुसता दंड चोळला. त्याच्या हातातली मशीन आज दगडासारखी जड झाली होती, आणि त्याला वाटत होतं, आपलं वय झालं. हे तो निळीवाल्यापुढं कसं बोलणार? घरी जाऊन तो मुकाट्यानं बायकोकडून, सईदाकडून, दंडाला तेल चोळून घेऊ लागला.

इकडं इस्तारीच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. चहाच्या टपरीवर सांग, बसस्टँडवर सांग, मास्तरांना सांग. निळी म्हणजे काय, निळीचा आवाज कसा, निळीचं वजन कसं पोळ्यानंतर उतरलं. लोक मान डोलवायचे, कारण बोलणाऱ्याच्या हातात गेरूनं माखलेली मशीन होती आणि मशीन खरोखरच चांगली चालत होती. घरी येऊन त्यानं ती पायलच्या हातात दिली.

"आता उचलून पाह्य."

पायलनं उचलली. मुठीवर हात बसवला, उजेडात धरून वायर हातातून फिरवली. मग म्हणाली, "हो बाबा. लय हलकी झाली."

"मंग? आता निळी म्हणजे वरवंटा का?"

"अशी असन तं वरवंटा नाई म्हणत."

"मंग घ्याची ना निळी?"

"जाऊ ना दुकानात," पायल म्हणाली. "हेच सोबत घ्या. दुकानदारले म्हणू, अशी दाखव."

इस्तारीला मुलीचा अभिमान वाटला. शेवटी रक्त आपलं, उशिरा का होईना वळणावर आलं.

तरी आठवडा निघून गेला, कारण मास्तरांना गृहप्रवेशाची घाई होती. मग एका सकाळी बाप-लेक गाडीवर निघाले. मशीन कापडी थैल्यात, थैला पायलच्या मांडीवर. वाटेत पाऊस लागला. दोघं एका झाडाखाली थांबले, पण त्या झाडाच्याच पानांतून पाणी गळत होतं. ताबिशच्या दुकानात पोहोचले तेव्हा दोघंही निथळत होते आणि थैल्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं.

ताबिशचं दुकान म्हणजे खिळ्यापासून मोटारपंपापर्यंत सगळं. पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. इस्तारीला इतके श्रोते आयते मिळाले, मग काय.

"बोला इस्तारीभाऊ," ताबिश म्हणाला. "कोणती दाखवू?"

"कोणती म्हणजे? तू मले वळखत नाई का?" इस्तारीनं थैल्यातून मशीन काढली, खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि तिला मायेनं पुसू लागला. पुसता पुसता बोलू लागला. "आजकाल लोक येतात, स्वस्त पाहतात, हलकी पाहतात, रंग पाहून भुलतात. पिवळी घेतात. मी म्हणतो, घ्या बाप्पा. पण ज्याच्या घरी निळी हाय त्यानं दुसरीकडं पाहू नोये. आठ दिस झाले, हे मशीन अशी चालून राह्यली, का मी म्हणतो जगात अशी मशीन झाली नाई अन् होणार नाई."

तो लोकांकडं पाहून बोलत होता आणि लोक त्याच्या हाताकडं पाहत होते. पाण्यानं गोंद सुटला होता. दुपट्टा तांबडा होत होता आणि मशीन पिवळी होत होती. आधी बोटभर, मग तळहाताएवढी. मग पिवळ्या कंपनीच्या नावाची पट्टीही बाहेर आली.

"भाऊ," ताबिश हळूच म्हणाला, "हे तं पिवळी हाय."

"कुठी?" म्हणून इस्तारीनं खाली पाहिलं.

कोणीच हसलं नाही, हे फार वाईट झालं. हसले असते तर इस्तारीला भांडता आलं असतं. पंपाची वायर घ्यायला आलेला एक म्हातारा तेवढा गंभीरपणे म्हणाला, "तुमची निळी पिवळी पडून राह्यली भाऊ. दवाखान्यात न्या."

इस्तारी वायरच्या मोठ्या गुंडाळ्यावर बसला. मशीन मांडीवर. पोळ्याचा तो पाट, तो बैल, ती माळ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून सरकलं. मग त्यानं पायलकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुले माहीत होतं?"

"त्याच दिवशी समजलं. तुमच्या मशीनच्या वायरीवर जाळं कापतानाचा चाकूचा डाग हाय. हिच्या वायरीवर नाई."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी लय खुश होते बाबा." मग पायल खरं ते बोलली. "अन् मले पाहाचं होतं. कोपऱ्यावरचा रंग रोज उडे, पिवळं दिसे. मी सकाळी उठून गेरू लावो. पिवळी आपल्या दारातून आत आली, अन् तुमी रोज दोन टाइम जेवले."

दुपट्ट्यानं इस्तारीनं तोंड पुसलं, तर तोंडाला गेरू लागला. त्याला लोकांची लाज वाटत होती, पण आत दुसरंच काही सलत होतं. आठ दिवस आपण हिला नावाजलं, आणि ती बिचारी निळी, तलावातून वर येऊन आपला संसार ओढणारी, दुसऱ्याच्या घरी पडून राहिली. आपल्याला ओळखूही आली नाही.

"पोरी," तो हळू म्हणाला, "मी निळीले बेइमान झालो का?"

पायल त्याच्याजवळ खाली बसली. तिचा राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. "नाई बाबा. निळीनं आपल्याले काय देलं ते मले समजते. मी तुमचा बैल तुमाले सोडाले नाई सांगत. माझा गोऱ्हा मले निवडू द्या, एवढंच म्हणणं हाय."

इस्तारीनं मशीनच्या मुठीवरून अंगठा फिरवला. निळी त्यानं तरी कुठं निवडली होती? सासऱ्यानं लग्नात दिली, ती त्याची झाली. मग तलाव आला, तांदूळ आले, दिवस आले. प्रेम त्या दिवसांचं होतं, आणि ते त्यानं एका रंगाच्या नावावर करून टाकलं होतं. पायलचे दिवस तर अजून यायचे होते. हे सगळं त्याला असं शब्दांत सुचलं नाही, पण तो उठला आणि म्हणाला, "ताबिश, साऱ्याच काढ. तिले पाहू दे."

पायलनं घाई केली नाही. निळी उचलली, ठेवली. पिवळी उचलली, बराच वेळ हातात ठेवली. मग लाल. लाल मशीननं तिनं बांबूचा तुकडा छेदून पाहिला, बांबू चिरला नाही. तिनं ताबिशला विचारलं, "बिघडली तं सुधरवाले कुठी न्या लागते?"

"लालचा मिस्त्री इथीच बसते," ताबिश म्हणाला. "बाकीच्याइले चंद्रपूरले पाठवा लागते."

"मंग हेच द्या."

"लाल?" इस्तारी म्हणाला. निळीच्या बाजूनं बोलायची त्याला सवय होती, पिवळीला नावं ठेवायची सवय होती, पण लालबद्दल त्यानं आयुष्यात विचारच केला नव्हता. तिला काय म्हणावं हेच त्याला सुचेना. सुचेस्तोवर पायलनं मशीन बांधून घेतली होती.

घरी पोहोचले तेव्हा प्रेमिला दारात होती. तिनं लाल मशीन पाहिली, नवऱ्याच्या तोंडावरचा गेरू पाहिला. लाल मशीन दारातून आत गेली. प्रेमिलानं पाट मांडला आणि म्हणाली, "मंग? तुमचं ताट वाढू का नोको?"

इस्तारीनं ओसरीवर चपला काढल्या. "काय रांधलं?"

"वांगं."

"वाढ," इस्तारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिवळी थैल्यात घालून तो सादिकच्या घरी गेला. सादिक खाटेवर पडला होता आणि सईदा त्याच्या दंडाला गरम तेल चोळत होती. "इस्तारीभाऊ, याइले तुमीच समजवा," ती म्हणाली. "हे म्हणतात, आता माझ्याच्यानं मशीन उचलत नाई, काम सोडतो. आठ दिवसापासून धड जेवले नाई."

इस्तारीनं थैल्यातून पिवळी मशीन काढून खाटेवर ठेवली. सादिकनं ती पाहिली. मग कोपऱ्यातल्या गेरूवाल्या मशीनकडं पाहिलं. मग उठून बसला.

"म्हणजे ते तुझी म्हैस होती?"

"हो."

"म्हणजे माझा हात बरा हाय? मी म्हातारा नाई झालो?"

"आपल्या वयाचा जेवढा असते तेवढाच हायस."

सादिकनं दंड झटकला. दुखणं तेवढ्यात बरं झालं होतं. सईदा तेलाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला. दोघांनी आपापल्या मशीन घेतल्या. ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं एकमेकांना वचन दिलं. ताबिशच्या दुकानातून ती तोवर साऱ्या तालुक्यात पोहोचली होती, हा भाग वेगळा.

पायलच्या खुर्च्या जंगलाचं गेट उघडायच्या आत मोहर्लीला गेल्या. होमस्टेवाल्यानं आणखी सांगितल्या. लाल मशीन दिवसभर ओसरीवर घुरघुरत असते, आणि ती बिघडली की पायल बापाला विचारत नाही, सरळ ताबिशकडं जाते.

निळी घरी आली तेव्हा इस्तारीनं तिची माफी मागितली, पुन्हा तूप चोळलं. पण काय सांगावं, हाताला एकदा लागलेली सवय तुपानं जात नाही. संध्याकाळी मनगट दुखायचं, आणि त्याला ती हलकी पिवळी आठवायची. तिकडं सादिकला धावड्याचा खांब लागला की ती जड, दमदार म्हैस आठवायची. चौकटीच्या या बाजूनं कावीळ आणि त्या बाजूनं म्हैस हे चालूच होतं, फक्त त्यात पहिला जोर नव्हता. एकमेकांना कोणीच काही बोललं नाही. इतक्या वर्षांचं भांडण, ते असं कसं सोडता येतं?

मग पुढचा पोळा आला. पायलनं आपली लाल मशीन कुंकवाचा टिळा लावून पाटलाच्या ट्रॅक्टरवर, सगळ्यांपासून लांब ठेवली, आणि तिला कोणी रंगाचं बोटही लावायचं नाही असं बजावलं. इस्तारी आणि सादिकनं सकाळपासून गेरू कालवला. गोंदाचा नवा डबा फोडला. या खेपेला पाटलाचा निरोपही आला नव्हता. प्रेमिलानं त्याच लुगड्याच्या झुली दिल्या आणि निळीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली.

दोन्ही मशीन पाटावर जवळजवळ मांडल्या. झडत्या सुरू झाल्या, लोक पाटलाकडं पाहू लागले. इस्तारीनं इकडंतिकडं पाहिलं. मग निळीच्या गळ्यातली माळ स्वतःच काढली आणि शेजारच्या बैलाच्या तोंडापुढं धरली. बैलानं ती खाल्ली. सादिक सगळं पाहत होता.

"बैल उपाशी दिसून राह्यला," इस्तारी म्हणाला.

"दिसून तं राह्यला," सादिक म्हणाला. त्यानं तोंड तोरणाकडं फिरवलं, हात मागं नेला, आणि हाताला जी जड लागली ती मशीन उचलून चालू लागला.